मुलाबाळांसह इटली, गाडी आपल्या हाती : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. मे महिन्याची सुट्टी, इटली, भाड्याची गाडी, आणि मागच्या सीटवर मुलं. म्हणून हा सदराचा अंक पूर्णपणे त्यालाच दिला आहे. प्रश्न थोडक्यात छापले आहेत, उत्तरं गरजेप्रमाणे लांब किंवा छोटी.

आम्ही दोघं आणि मुलं ५ आणि ९ वर्षांची. मे महिन्यात १२ रात्री. रोम विमानतळावरच गाडी घेऊन अमाल्फी, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, कोमो आणि मिलान असं करायचं ठरवलं आहे. जमेल ना?
– अ. जो., घोडबंदर रोड, ठाणे

जमेल, पण मुलांना इटली खिडकीच्या काचेतून दिसेल आणि तुम्हाला पुढच्या गाडीचा मागचा बंपर. यादीतली निम्मी ठिकाणं अशी आहेत की तिथे गाडी ही सोय नसून अडचण आहे. व्हेनिसमध्ये गाड्याच नाहीत, ती बेटाच्या तोंडाशी त्रोनकेत्तोला नाहीतर पियाझ्झाले रोमाला ठेवून द्यावी लागते आणि तिथे उभ्या गाडीचं भाडंही भरावं लागतं, पार्किंगचंही. रोम, फ्लॉरेन्स, मिलान या शहरांच्या मध्यभागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते (त्याबद्दल पुढे). शिवाय रोम ते फ्लॉरेन्स हे २७५ किलोमीटर गाडीने तीन तास घेतात, वेगवान रेल्वे दीड तासात पोचवते, आणि रेल्वेत मुलांना उठून चालता येतं.

आमचा सल्ला असा : शहरं रेल्वेने, खेडी गाडीने. विमानाचं तिकीट रोमला उतरायचं आणि व्हेनिसहून परतायचं असं काढा. रोममध्ये तीन रात्री, गाडीशिवाय. उन्हाळ्यात इटलीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. त्यामुळे मुलं पहाटे तीन-चारला टक्क जागी होतात आणि संध्याकाळी सहाला पेंगायला लागतात. रात्रभराच्या प्रवासानंतर, डोळे चुरचुरत असताना, उलट्या बाजूच्या स्टिअरिंगवर बसणं हा या सहलीतला सगळ्यात धोक्याचा तास असतो. तो टाळलात की अर्धी काळजी मिटली.

मग रेल्वेने फ्लॉरेन्स, दोन रात्री. निघायच्या दिवशी सकाळी ट्रामने फ्लॉरेन्स विमानतळावर जाऊन गाडी ताब्यात घ्या. शहराच्या आतल्या ऑफिसातून घेऊ नका, बाहेर पडतानाच बंदी असलेल्या भागात शिरायची भीती असते. तिथून सिएनाच्या बाजूला, कोल्ले दी वाल देल्सा किंवा आसपास, एकाच शेतघरात पाच रात्री मुक्काम. शेतकऱ्यांच्या घरातल्या या निवासांना आग्रितुरिझ्मो म्हणतात. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर आणि पोहण्याचा तलाव असतो. पण तलावाला कुंपण आहे का, हे पाच वर्षांच्या मुलासाठी आधी लिहून विचारा, आणि मेमध्ये पाणी गार असतं हेही लक्षात ठेवा. इथून सान जिमिन्यानो, व्होल्तेर्रा आणि सिएना अर्ध्या-पाऊण तासावर आहेत. लुक्का आणि पिसा एका दिवसात होतात, एका बाजूचा प्रवास सव्वा ते दीड तास. लुक्काच्या रुंद तटबंदीवरून सुमारे चार किलोमीटरची सायकल फेरी नऊ वर्षांच्या मुलाला झुकत्या मनोऱ्यापेक्षा जास्त आवडेल असं आम्हाला वाटतं. मनोऱ्यावर आठ वर्षांखालच्या मुलांना सोडतच नाहीत. म्हणजे तुमच्यापैकी एकाला धाकट्याबरोबर खाली थांबावं लागणार. दोघांनाही चढायचं तर तिकिटं वेगवेगळ्या वेळांची काढा.

शेवटी गाडी बोलोन्याला परत करून दीड तासाच्या रेल्वेने व्हेनिस, दोन रात्री. गाडी दुसऱ्या शहरात सोडण्याचं वेगळं शुल्क लागतं, ते बुकिंग करतानाच किमतीत दिसतंय का बघा. कोमो आणि मिलान पुढच्या खेपेला.

लुक्का-पिसाचा दिवस सोडला तर दिवसाला एकूण दोन तासांच्या वर ड्रायव्हिंग नको आणि मोठं ठिकाण एकच. सरकारी संग्रहालयं १८ वर्षांखालच्या मुलांना मोफत आहेत, त्यामुळे "पैसे भरलेत, आता सगळं बघून घ्या" हा दबाव मुलांवर आणायचं कारण नाही. वेळेचं मोफत तिकीट मात्र त्यांच्या नावाने आधी काढावं लागतं. २५ एप्रिल, १ मे आणि २ जून या तिथल्या सुट्ट्या. त्यांना जोडून येणारे शनिवार-रविवार रस्त्यावर घालवू नका.

नवी मुंबईहून आंतरराष्ट्रीय परवाना कसा काढायचा? आणि डिजिलॉकरमधलं लायसन्स चालेल का?
– एक वाचक, नेरूळ

डिजिलॉकर इटलीत चालत नाही. प्लास्टिकचं मूळ लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही एकत्र लागतात; एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. परवान्यासाठी परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर अर्ज करायचा, फी १००० रुपये. ज्या आरटीओकडे तुमचं लायसन्स आहे तिथे (नेरूळकरांसाठी वाशी, ठाणेकरांसाठी ठाणे) कागद दाखवावे लागतात. पासपोर्ट, व्हिसा, विमानाचं तिकीट आणि फोटो यांच्या प्रती हाताशी ठेवा. परवान्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, त्यामुळे फार आधी काढून उपयोग नाही. ऑनलाइन काही परदेशी वेबसाइट दहा मिनिटांत "इंटरनॅशनल लायसन्स" देतात. तो कागद म्हणजे फक्त भाषांतर असतं, पोलिसांपुढे त्याला किंमत नाही.

खरी अडचण येते ती नावांची. पासपोर्टवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. लायसन्सवर माहेरचं आडनाव. क्रेडिट कार्डावर आद्याक्षरं आणि आडनाव. गाडी देणाऱ्या कंपनीच्या खिडकीवर हे तिन्ही एकमेकांशी ताडून बघतात. माहेरचं आणि सासरचं अशी दोन आडनावं असतील तर ज्याचे कागद सरळ आहेत त्यालाच मुख्य चालक करा आणि दुसऱ्याचं नाव जादा चालक म्हणून घाला. त्यासाठी दिवसाला थोडे पैसे पडतात, पण नाव न घालता गाडी चालवली तर विमा रद्दबातल होतो.

क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं हवं. फॉरेक्स कार्ड आणि प्रीपेड कार्ड अनामतीसाठी बहुतेक कंपन्या घेत नाहीत. अनामत म्हणून गाडीच्या आकारानुसार ८०० ते १५०० युरो किंवा त्याहून जास्त रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. तेवढी मर्यादा रिकामी हवी आणि कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या अॅपमधून सुरू केलेला हवा. तो आपल्याकडे मुळात बंद असतो. विमानातून उतरून खिडकीवर उभं राहिल्यावर हे लक्षात आलं तर गाडी मिळत नाही आणि आगाऊ भरलेले पैसेही सहसा परत येत नाहीत.

व्हिसासाठी घेतलेला ३०,००० युरोंचा विमा आजारपणासाठी असतो, गाडीच्या ओरखड्यासाठी नाही. गाडीच्या भाड्यात मूळ विमा धरलेला असतो, पण पहिले हजार-दोन हजार युरो तुमच्या खिशातून जातात, आणि काच, टायर, छत, गाडीचा तळ बहुधा त्यातही नसतो. मुलं बरोबर असताना पूर्ण संरक्षण घ्यावं असं आम्ही सुचवू. टस्कनीत (म्हणजे फ्लॉरेन्स-सिएनाच्या प्रदेशात) शेतघरापर्यंतचा शेवटचा किलोमीटर पुष्कळदा खडीचा असतो, आणि दगड उडतो तो नेमका तळालाच.

शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहा वर्षांखाली काही नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यासाठी फेब्रुवारीत तारीख मिळवा. एप्रिलमध्ये शोधायला बसलात तर मिळेल याचा भरवसा नाही.

मुलगा ६ वर्षांचा (उंची ११२ सेंमी), मुलगी ३ वर्षांची. सीट इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? मुलगा तर इथे साध्या बेल्टवर बसतो.
– सौ. मं., कळवा

इटलीत १५० सेंमी उंचीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला प्रमाणित सीट किंवा बूस्टर सक्तीचा आहे. वय विचारात घेत नाहीत, उंची बघतात. म्हणजे दहा-अकरा वर्षांची कितीतरी मुलंही यात येतात, आणि हे आपल्याकडच्या बऱ्याच पालकांना पोलिसाने थांबवल्यावर कळतं. दंड ८३ युरोंपासून सुरू होतो.

तुमच्या मुलासाठी पाठ असलेला बूस्टर घ्या. पाठ नसलेली नुसती बैठक नव्या नियमांनुसार १२५ सेंमीच्या वरच्या मुलांसाठीच मंजूर होते. मुलीसाठी पाच बिंदूंचे पट्टे असलेली सीट. इथून नेत असाल तर सीटच्या मागचं किंवा तळाचं लेबल बघा : वर्तुळात इंग्रजी ई आणि त्यापुढे आकडा, आणि आर-४४ (मंजुरी क्रमांक ०३ किंवा ०४ ने सुरू) अथवा आर-१२९ असा उल्लेख. हे लेबल नसलेली सीट तिथे नसल्यासारखीच.

भाड्याच्या सीटचे दिवसाला प्रत्येकी साधारण १० ते १५ युरो पडतात. पाच-सहा दिवसांपेक्षा जास्त गाडी असेल तर नेणं स्वस्त. बऱ्याच विमान कंपन्या मुलाची सीट सामानाच्या वजनात धरत नाहीत, पण तिकिटाच्या अटींत तसं लिहिलेलं असेल तरच भरवसा ठेवा. भाड्याने घेणार असाल तर वय न लिहिता उंची आणि वजन कळवा; सहा वर्षांच्या मुलासाठी हातात नुसती बैठक ठेवण्याचे प्रकार होतात. सीट गाडीत बसवून देणं कर्मचाऱ्यांचं काम नसतं. म्हणून बसवायची पद्धत घरीच पाहून, शेजाऱ्याच्या गाडीत एकदा बसवून बघा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे नाही. इटलीत नोंद असलेल्या गाडीत चार वर्षांखालचं मूल असेल तर, चालक उतरल्यावर मूल आत राहिलं की इशारा देणारं उपकरण सीटला लागतं. २०१९ पासून हा कायदा आहे. मुलीसाठी कंपनीकडे ते मागून घ्या. टॅक्सीत मात्र मागच्या सीटवर १६ वर्षांवरच्या माणसाबरोबर बसलेल्या मुलांना सीटची सक्ती नाही, त्यामुळे रोममधल्या दिवसांत ओझं वागवायला नको.

आम्ही सात जण, त्यात आजी-आजोबा. सेव्हन-सीटर बुक केली आहे. पुरेल ना?
– एक कुटुंब, ऐरोली

माणसं मावतील, बॅगा मावणार नाहीत. तिसरी रांग उभी केली की मागे दोन केबिन बॅगांइतकी जागा उरते. छतावर सामान बांधणं भाड्याच्या गाडीत चालत नाही. तिसऱ्या रांगेत मुलाची सीट अडकवायचे आयसोफिक्स हूक बहुधा नसतात, त्यामुळे मुलं मधल्या रांगेत आणि आजी-आजोबा मागे, गुडघे पोटाशी, असं होतं. दोन मुलांच्या सीटच्या मधे मोठा माणूस बसवायचा बेतही सोडून द्या; तिथे उशी मावते, आजी नाही.

नऊ आसनी व्हॅन घ्या. चालकासह नऊ आसनांपर्यंत साध्या मोटारीचं लायसन्स चालतं. फक्त ती जवळजवळ दोन मीटर उंच असते आणि शहरातल्या तळघरातल्या पार्किंगच्या दारावर १.९० किंवा २ मीटरची पट्टी लटकलेली असते. मुक्काम उघड्या पार्किंगचाच निवडा. दुसरा पर्याय दोन छोट्या गाड्या. चालवणारे दोघं असतील आणि दोघांचेही कागद नीट असतील तर हाच आम्हाला जास्त पटतो : आजोबांना दुपारी झोपायचं असलं तर एक गाडी परत फिरू शकते.

सहलीहून आठ महिन्यांनी इटलीतल्या पालिकेकडून दंडाचं पत्र आलं. त्याआधीच गाडीच्या कंपनीने कार्डावरून ५० युरो कापले होते. आम्ही दंड भरलाच आहे असं समजत होतो. पुन्हा का भरायचा? आणि आमची चूक तरी काय झाली?
– वाशी

कापलेले ५० युरो दंडाचे नव्हते. पोलिसांनी गाडी कोणाकडे होती हे विचारलं, कंपनीने तुमचं नाव-पत्ता दिला, त्या कारकुनीची ती फी. करारात बारीक अक्षरात असते. दंड वेगळा, आणि परदेशात राहणाऱ्यांना नोटीस पाठवायला त्यांच्याकडे ३६० दिवस असतात. म्हणून आठ महिने ही नेहमीची गोष्ट आहे.

चूक बहुधा झेडटीएलमध्ये, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागात, शिरण्याची. जुन्या शहराच्या गाभ्यात ठरावीक वेळात परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही. तोंडाशी लाल कडेचं पांढरं गोल चिन्ह, खाली वेळा, आणि वर कॅमेरा. कोणी अडवत नाही, फाटक नसतं. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि तुम्ही आइस्क्रीम खाऊन घरी येता. दिव्यांच्या फलकावर "वार्को आत्तिवो" लिहिलेलं असेल तर कॅमेरा चालू आहे, म्हणजे जायचं नाही. आपण तेच "प्रवेश सुरू" असं वाचतो आणि फसतो. "नोन आत्तिवो" असेल तरच जायचं. मोबाइलवरचा नकाशा सरळ आतून रस्ता दाखवतो, त्यावर विसंबू नये.

दंड ८३ युरोंपासून, शिवाय टपालखर्च. नोटीस हातात पडल्यापासून पाच दिवसांत भरला तर ३० टक्के सूट, साठ दिवसांत भरला तर मूळ रक्कम, त्यानंतर मोठी वाढ. पाकिटावरची तारीख जपून ठेवा. नोटिशीत पालिकेच्या पोर्टलचा पत्ता, नोटीस क्रमांक आणि गाडीचा नंबर असतो, क्रेडिट कार्डाने भरता येतो. मात्र पोर्टलचा पत्ता पालिकेच्या अधिकृत संकेतस्थळावरून ताडून घ्या. वेगवेगळ्या दिवशी शिरला असाल तर प्रत्येक दिवसाची वेगळी नोटीस येईल, तिला पहिलीची प्रत समजून टाकून देऊ नका.

हॉटेलच त्या भागात असेल तर गाडी ताब्यात घेताच नंबरप्लेटचा फोटो हॉटेलला पाठवा आणि "नोंद झाली" असं लेखी उत्तर आल्याशिवाय आत शिरू नका. मिलानच्या मध्यभागात तर कामाच्या दिवशी साडेसात ते साडेसात पैसे भरून प्रवेश आहे. पण सगळ्यात सोपं म्हणजे गाडी गावाबाहेरच्या पार्किंगमध्ये ठेवून चालत जाणं; सिएना आणि सान जिमिन्यानोला तशी चांगली सोय आहे.

रस्त्यावर गाडी लावताना पांढऱ्या रेषा म्हणजे फुकट (वेळेची मर्यादा असेल तर काचेमागे पोचल्याची वेळ दाखवणारी चकती ठेवायची), निळ्या म्हणजे पैसे, पिवळ्या म्हणजे राखीव. गुलाबी रेषा गरोदर बायका आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांसाठी असतात. पण त्यालाही पालिकेचा परवाना लागतो, कडेवर मूल असून भागत नाही.

टोल आणि पेट्रोल कसं भरायचं? फास्टॅगसारखं काही आहे का?
– खांदा कॉलनी, पनवेल

आहे, टेलेपास. आठवड्याच्या सहलीला त्याची गरज नाही. हिरव्या फलकांचे रस्ते टोलचे महामार्ग, निळ्या फलकांचे बिनटोलचे. महामार्गावर शिरताना मशिनमधून तिकीट घ्यायचं, उतरताना अंतराप्रमाणे पैसे द्यायचे. १०० किलोमीटरला ढोबळमानाने ७ ते १० युरो धरा. तिकीट मुलांच्या हाती देऊ नका. हरवलं तर सर्वांत लांबच्या नाक्यापासूनचा टोल लावतात.

उतरताना नाणी-नोटांचं चित्र असलेली किंवा कार्डाची निळ्या फलकाची रांग धरा. फक्त पिवळं टेलेपास लिहिलेल्या रांगेत चुकून गेलात तर गाडी अजिबात मागे घेऊ नका. तो गंभीर गुन्हा आहे आणि मागून येणाऱ्याला थांबायची सवय नसते. मदतीचं बटण दाबा. न भरलेल्या टोलची पावती बाहेर येते, ती १५ दिवसांत ऑनलाइन भरता येते. मिलानच्या उत्तरेला, मालपेन्सा विमानतळ आणि कोमोच्या बाजूला, ए-३६ सारख्या रस्त्यांवर नाकेच नाहीत. तिथला टोलही आपण होऊन १५ दिवसांत भरायचा. फ्लॉरेन्स-सिएना रस्ता फुकट आहे. सिसिलीत पालेर्मो-कातानिया हाही.

पंपावर एकाच इंधनाचे दोन भाव दिसतात. "सेल्फ" म्हणजे आपण भरायचं, "सेर्वितो" म्हणजे माणूस भरणार आणि लिटरमागे बरेच जास्त पैसे घेणार. हिरवी नळी "बेंझिना" म्हणजे पेट्रोल. काळी "गाझोलियो" म्हणजे डिझेल. गॅसोलिनशी गल्लत करून पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरणारे प्रवासी दरवर्षी निघतात. चुकलात तर इंजिन सुरू करू नका, कंपनीला फोन करा. रात्री किंवा रविवारी पंपावर माणूस नसेल तेव्हा मशिनमध्ये आधी कार्ड घालून पंपाचा क्रमांक निवडायचा. त्या वेळी मशिन मोठी रक्कम अडकवतं आणि ती सुटायला काही दिवस लागतात. अनामतीचं कार्ड इथे वापरू नका.

शौचालयासाठी "आरेया दी सेर्वित्सियो"लाच, म्हणजे महामार्गावरच्या सोयींच्या थांब्यालाच थांबा. "पार्केज्जो" लिहिलेल्या जागी बहुधा झाडं आणि बाकडी एवढंच असतं. आणि थांबलात की बॅगा सीटवर उघड्या ठेवू नका. भाड्याच्या गाड्यांवर चोरांचं लक्ष असतं.

घरी शाकाहार, मुलीला अंडंही चालत नाही. काय काय बरोबर न्यावं? हापूसची पेटी नेता येईल का, ज्यांच्याकडे जाणार त्यांना द्यायला?
– नौपाडा, ठाणे

पेटी घरीच ठेवा. युरोपीय संघात प्रवाशाने आणलेल्या ताज्या फळांना रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्यातून सुटका आहे ती केळी, अननस, नारळ, खजूर आणि डुरियन यांची. ताजा कढीपत्ताही नको. दूध आणि मांसाचे पदार्थ तर पूर्ण बंद. त्यात तूप, पेढे, बर्फी, खव्याच्या पोळ्या आणि चीज सगळं आलं. बाळाच्या दुधाची पावडर बंद डब्यात दोन किलोपर्यंत चालते. गंमत अशी की मासे मात्र २० किलोपर्यंत चालतात, म्हणजे सुके बोंबील कायदेशीर आणि पेढा बेकायदेशीर. तरी बोंबील नेऊ नका, गाडी परत करताना वास लपणार नाही.

खुशाल न्या : मेतकूट, थालिपिठाची भाजणी, भाजलेला रवा, जाडे पोहे, मुगाची डाळ, कोरड्या चटण्या, चिवडा, चिक्की. तांदूळ तिथे मिळतो. मोठ्या डब्यांपेक्षा छोट्या, सीलबंद, नाव छापलेल्या पाकिटांत असलं की कस्टममध्ये प्रश्न कमी पडतात.

कुकर नेणार असाल तर मुक्कामाची शेगडी गॅसची की इंडक्शनची हे विचारा. अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. इटलीतल्या घरांना बहुधा तीनच किलोवॉटचा वीजजोड असतो. इंडक्शन, किटली आणि ओव्हन एकदम लावलं की घरभर अंधार होतो आणि मीटर बऱ्याचदा तळमजल्यावर असतं. आपला बारीक दोन पिनांचा प्लग सहसा बसतो, तीन पिनांना अडॅप्टर लागतो.

बाहेर जेवताना "शाकाहारी" एवढं सांगून भागत नाही. प्रोशुत्तो, पांचेत्ता (दोन्ही डुकराचं मांस) आणि आच्युगे (म्हणजे छोटे खारे मासे) नकोत हे नावानिशी सांगा. मिनेस्त्रोनेचं सूप भाज्यांचंच आहे का विचारा. अंड्यासाठी : ताज्या पास्त्यात बहुधा असतं, पाकिटातल्या सुक्या पास्त्यात नसतं, म्हणून "पास्ता सेक्का" मागा. पार्मेजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध साकळवणाऱ्या द्रव्याने) बनतं आणि पास्त्याला लावायच्या पेस्तो चटणीतही तेच चीज असतं. कट्टर शाकाहारी घरांनी हे धरून चालावं. पित्झ्झा मारिनारावर नाव समुद्राचं असलं तरी मासाही नसतो आणि चीजही नाही, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो. पिसा-लुक्का भागात चेचिना मिळते : हरभऱ्याच्या पिठाचं, बिनअंड्याचं, आपल्या धिरड्याच्या सख्ख्या बहिणीसारखं.

वेळेचं गणित मुलांना सर्वांत जड जातं. हॉटेलची स्वयंपाकघरं दुपारी साडेबारा ते अडीच आणि मग थेट संध्याकाळी साडेसातला उघडतात. सहा वाजता भुकेल्या मुलीसाठी बेकरीतला फोकाच्चा आणि घरून नेलेला चिवडा बॅगेत हवाच. छोट्या गावातली दुकानं रविवारी दुपारनंतर बंद असतात, शनिवारीच भाजी-दूध भरून ठेवा.

मुलाला गाडी लागते. अमाल्फीचा किनारी रस्ता करावा का?
– डोंबिवली

गाडीने नाही. वळणं संपत नाहीत, थांबायला जागा नाही, आणि सुट्ट्यांच्या काही दिवसांत व ऑगस्टभर दिवसा नंबरप्लेटच्या शेवटच्या अंकावरून सम-विषमची बंदी असते. गाडी सालेर्नोला ठेवा आणि बोटीने अमाल्फी-पोझितानोला जा. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात. अमाल्फीपर्यंत सुमारे ३५ मिनिटं. समुद्र खवळला तर बोट रद्द होते, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

इतर रस्त्यांसाठी : निघण्याआधी तासभर दूध आणि तळकट नको, कोरडी पोळी किंवा बिस्किट चालेल. बूस्टर उंच असावा, म्हणजे समोरचा रस्ता दिसतो. मोबाइल आणि पुस्तक बंद. पाऊण तासाने पाच मिनिटं उतरवा. औषध आणि त्याचं प्रमाण बालरोगतज्ज्ञांकडून घ्या आणि ते इथेच एकदा माळशेज घाटात वापरून बघा. काही मुलांना नुसती गुंगी येते, काही उलट चेकाळतात. भाड्याच्या गाडीत उलटी झाली तर सफाईचे वेगळे पैसे लावतात, तेव्हा झिपच्या पिशव्या सीटच्या खिशात हाताशी हव्यात, डिकीत नव्हे.

उजव्या बाजूने गाडी चालवायची भीती वाटते. सरावासाठी काय करता येईल?
– खारघर

ऑटोमॅटिक गाडी बुक करा. इटलीत साध्या बुकिंगवर गिअरचीच गाडी मिळते, त्यामुळे हे आधी सांगावं लागतं. एवढ्याने निम्मं काम होतं. पहिले दोन दिवस इंडिकेटरऐवजी वायपर सुरू होईल, कारण तिथे इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला असते. खरी चूक होते ती गाडी नकळत उजवीकडे सरकण्याची. म्हणून भाड्याच्या गाड्यांची उजवी चाकं आणि उजवा आरसाच खरवडलेला असतो. शेजारी बसणाऱ्याने नकाशा बघण्याआधी उजव्या कडेवर लक्ष ठेवावं. गाडी घेताना त्या चाकांचे फोटो जवळून काढा.

राउंडअबाउटला उजवीकडे वळून शिरायचं, आत असलेल्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं. महामार्गावर डावी लेन फक्त ओव्हरटेकसाठी. मागून दिवे चमकले की रागावू नका, बाजूला व्हा. वेगमर्यादा महामार्गावर १३०, पाऊस असेल तर ११०, गावात ५०. काही महामार्गांवर दोन कमानींमधला सरासरी वेग मोजतात, त्यामुळे कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून उपयोग होत नाही. गावाबाहेर दिवसाही हेडलाइट चालू हवेत. हॉर्न विसरून जा. मोबाइल हातात दिसला तर दंड २५० युरोंपासून.

गाडी बंद पडली किंवा धडकली तर मुलांना रस्त्याच्या कठड्यापलीकडे न्या, चकाकतं जॅकेट घालून मगच ५० मीटर मागे त्रिकोण ठेवा, ११२ ला फोन करा. समोरच्याशी निळा दुहेरी अपघात-फॉर्म भरावा लागतो, तो डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे ना हे गाडी घेतानाच बघा. मजकूर कळत नसेल तर सही करू नका. चारही बाजूंचे आणि दोन्ही नंबरप्लेटचे फोटो काढा आणि त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा.